आमची वाटचाल : एका वितेला एक नॅनोसेकंद

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत २००४ साली आम्ही भाड्याच्या गाळ्यात काम सुरू केले, तेव्हा मोटरपंपांचे स्टार्टर आणि ठिबक सिंचनाच्या नियंत्रण पेट्या यांचे वायरिंग एवढाच आमचा व्यवसाय होता. पुढे डाळ मिलच्या यंत्रांचे आणि मग वाहनांचे हार्नेस, म्हणजे मापात कापून एकत्र बांधलेली वायरींची जुडगी, करू लागलो. लग (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) पक्का दाबावा, वायर मोजून कापावी आणि कबूल केलेल्या तारखेला माल पोचवावा, हे त्या बारा वर्षांत अंगवळणी पडले. २०१६ साली एका संशोधन संस्थेने म्युऑन हे अतिसूक्ष्म कण टिपणाऱ्या डिटेक्टरसाठी केबल आणि फायबरचे (प्रकाशातून माहिती नेणाऱ्या काचेच्या तंतूंचे) हार्नेस तयार करून, तपासून, जागेवर बसवून देण्याचे काम आमच्याकडे सोपवले आणि आपल्याला अजून बरेच शिकायचे आहे, हे पहिल्याच महिन्यात कळून चुकले.

म्युऑन आकाशातून सतत खाली येत असतात. आपल्या तळहातावरून मिनिटाला साधारण शंभर म्युऑन आरपार जातात. ते टिपण्यासाठी दोन काचांच्या मध्ये वायू भरून त्यांवर सुमारे दहा हजार व्होल्टचा दाब देतात आणि असे चेंबर लोखंडी सांगाड्यात थरावर थर रचतात. प्रत्येक चेंबरला उच्च दाबाची केबल, इलेक्ट्रॉनिक्ससाठी कमी दाबाचा पुरवठा, सिग्नलच्या पिळलेल्या जोड्या आणि माहिती बाहेर नेणारे फायबर अशा चार प्रकारच्या जोडण्या लागतात. या चारही एका जुडग्यात, पण एकमेकींना बाधा न आणता बसवणे हे आमचे काम होते.

सिग्नलच्या केबलींची लांबी सारखी हवी, असे आम्हाला सांगण्यात आले, तेव्हा आम्ही नेहमीच्या सवयीने दोन-चार सेंटिमीटरचा फरक चालेल का, असे विचारले. उत्तरादाखल तिथल्या एका तरुण संशोधक ताईंनी टेबलावर हाताची वीत ठेवली आणि सांगितले, की केबलमधून सिग्नल एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, साधारण एवढेच अंतर जातो. म्युऑन वरच्या थरात किती वाजता आला आणि खालच्या थरात किती वाजता, यावरून त्याची दिशा ठरते. तो स्वतः नॅनोसेकंदाला सुमारे तीस सेंटिमीटर वेगाने जातो. म्हणजे एक केबल वीतभर लांब राहिली, तर मोजमापात एका नॅनोसेकंदाची चूक कायमची बसते. फरक ठाऊक असला तर तो हिशेबात वजा करता येतो, पण त्यासाठी प्रत्येक केबलची नोंद हवी. त्या दिवसापासून आमच्या कापणीच्या टेबलाशेजारी नोंदवही आली, आणि ‘एका वितेला एक नॅनोसेकंद’ हे वाक्य नवीन येणाऱ्या प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी सांगितले जाते.

टेबलावरच्या तपासणीत कंटिन्युटी, म्हणजे वायर मध्ये कुठे तुटलेली नाही ना हे पाहणे, हा सर्वांत सोपा भाग असतो. उच्च दाबाच्या केबलवर मात्र कामाच्या दाबापेक्षा जास्त दाब देऊन तासभर विजेची गळती पाहावी लागते, आणि ती नॅनोअँपिअरमध्ये मोजायची असते. श्रावणातल्या दमट हवेत जोडणीवर बोटाचा एक ठसा राहिला तरी आकडा वाढतो. म्हणून हातमोजे, अल्कोहोलने पुसणे आणि मोजण्याआधी वाळवणे हा क्रम ठरवला. फायबरची अडचण निराळी होती. आमच्या गाळ्यामागे डाळ मिल आहेत आणि तुरीच्या हंगामात हवेत सालींची बारीक पूड तरंगत असते. फायबरचा प्रकाश वाहणारा गाभा पन्नास मायक्रॉनचा, केसापेक्षाही बारीक. त्यावर पडलेला एक कण सूक्ष्मदर्शकाखाली दगडासारखा दिसतो. त्या वर्षी कनेक्टरची टोके पुन्हा पुन्हा नापास होऊ लागल्यावर आम्ही दोन दारांची वेगळी खोली बांधली आणि प्रत्येक टोक जोडण्याच्या आधी पाहायचे, पुसायचे आणि पुन्हा पाहायचे, असा नियम केला.

एवढे करूनही पहिली तुकडी जागेवर अडली. टेबलावर ज्यांतला प्रकाशाचा तोटा ०.३ डेसिबलच्या आत होता, त्या फायबरांपैकी काहींचा तोटा सांगाड्यावर बसवल्यानंतर दोन डेसिबलच्या वर गेला. कनेक्टर स्वच्छ होते. शेवटी आम्ही फायबरमध्ये तांबडा लेसर सोडला आणि दालनातले दिवे मालवले. सांगाड्याच्या एका कोपऱ्यावर, जिथे जुडगे लोखंडावरून काटकोनात वळले होते आणि नायलॉनचा टाय करकचून आवळलेला होता, तिथे पातळ आवरणातून तांबडा उजेड बाहेर पाझरत होता. वायरच्या कामात घट्ट आवळलेला टाय ही कारागिराची शान समजली जाते. फायबरमध्ये त्याच सवयीने प्रकाश बाहेर सांडतो. ती रात्र आमच्या सगळ्यांच्या लक्षात आहे.

उपाय जळगावातच सापडला. पाइपांच्या या गावात हवा तो व्यास मिळतो. नव्वद मिलिमीटर व्यासाच्या पॉलिइथिलीन पाइपचे तुकडे कापून आम्ही प्रत्येक कोपऱ्यावर गोलसर आधार बसवले आणि टायऐवजी वेल्क्रोच्या पट्ट्या वापरल्या. पीव्हीसीचा पाइप स्वस्त पडला असता, पण पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड सोडतो, ज्याने माणसाची छाती आणि इलेक्ट्रॉनिक्स दोन्ही खराब होतात. त्यामुळे ते या कामात चालत नाही. हे आम्ही चुकून शिकलो होतो : केबल हॅलोजनमुक्त (क्लोरीनसारखे घटक नसलेल्या) घेतल्या होत्या, पण त्यांवरचे नंबरांचे फेरूल, म्हणजे छोट्या नळ्या, पीव्हीसीचेच राहिले होते, आणि सगळे हार्नेस परत आले. तो खर्च आम्ही सोसला, आणि तो आमचाच होता.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, असे आमच्याकडची मुले विचारत. त्यांना मी जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेचे उदाहरण देतो. तिथला कणांना वेग देणारा २७ किलोमीटरचा प्रवेगक २०१८ च्या डिसेंबरात देखभालीसाठी थांबला, तो पुन्हा सुरू झाला २०२२ मध्ये. डिटेक्टर जमिनीखाली सुमारे शंभर मीटरवर. आतली एखादी जोडणी सैल निघाली, तर तिच्यापर्यंत हात पोचण्यासाठी अशा मोठ्या थांब्याची वाट पाहावी लागते. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, आणि तशा तोडीचे काम आपल्याकडून व्हावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आता आम्ही प्रत्येक नव्या कामासाठी डिटेक्टरच्या चौकटीचा मूळ मापाचा लाकडी सांगाडा शेडमध्ये उभा करतो. हार्नेस त्यावर बसवून, पुन्हा मोजून, मगच उतरवतो आणि सैल वेटोळ्यांत पेटीत भरतो. आमच्याकडच्या ज्या ताईंनी हार्नेस बांधला, त्याच भुसावळहून गाडीने जागेवर जातात, स्वतः बसवतात आणि तिसरे मोजमाप घेतात. नोंदवहीत एका ओळीत तिन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले जातात : टेबलावरचा, लाकडावरचा आणि लोखंडावरचा. तिसरा आकडा आल्याशिवाय त्या ओळीखाली कोणी सही करत नाही.