तुम्ही विचारलंत म्हणून: मारधाडीचे सिनेमे आणि माझा मुलगा

‘एवढं सगळं होऊनही तुम्ही मुलाबरोबर बसून ते मारधाडीचे सिनेमे बघता? आणि वर म्हणता, त्यातून तो कुटुंब आणि त्याग शिकतो?’ नातेवाईक विचारतात, त्याच्या मित्रांच्या आया विचारतात. बहुतेकांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. हो, बघते. का, ते एकदा नीट सांगते.

पंधरा-सोळाच्या मुलाला ‘घरच्यांची किंमत ठेव’ म्हणून बघा. मान हलवेल आणि खोलीत निघून जाईल. तोच मुलगा १९९१ चा ‘टर्मिनेटर २’ बघताना शेवटी गप्प होतो. जॉन नावाच्या पोराला वाचवायला भविष्यातून आलेलं, माणसासारखं दिसणारं ते यंत्र शेवटी वितळलेल्या पोलादात उतरायला निघतं, कारण त्याच्या डोक्यातली चिप उरली तर पुढचा विनाश टळणार नाही. जॉन रडत रडत हुकूम सोडतो, जाऊ नकोस. एरवी त्याचं ऐकणारं यंत्र नेमकं तेव्हा ऐकत नाही. बापाविना वाढलेल्या पोराला बाप सापडतो आणि लगेच जातो. हे कोणी समजावून सांगून कळत नाही. त्या दोघांबरोबर दोन तास जीव मुठीत धरून पळावं लागतं.

पूर्वी मी एवढ्यावरच थांबायचे. गोळीबार नुसता वरवरचा, आत सगळी माया आहे, असं ठासून सांगायचे. मग ते अपेंडिक्स झालं.

त्याच्या बाबांची बायपास झाली होती आणि माझा मुक्काम हॉस्पिटलमध्येच होता. घरी याच्या पोटात दुखायला लागलं. आधी बेंबीपाशी, मग उजवीकडे खाली. फोनवर मी रोज विचारायचे, जेवलास का, झोपलास का. तो म्हणायचा, ‘मस्त चाललंय, तू बाबांकडे बघ.’ आवाजात जराही फरक नसायचा. नंतर कळलं, उशी पोटाशी घट्ट धरून तो बोलत असायचा. मग एका रात्री दुखणं एकाएकी कमी झालं. सुटलो, असं त्याला वाटलं. अपेंडिक्स फुटलं की थोडा वेळ असंच बरं वाटतं, हे त्याला कुठून माहीत असणार! सकाळी शेजारणीने बेल वाजवली तेव्हा तो तापाने फणफणलेला होता आणि दाराची कडी काढायलाही त्याला उठवत नव्हतं. पोटात सगळीकडे पू झाला होता. ऑपरेशननंतर, नाकात नळी असताना, मी विचारलं, का नाही सांगितलंस? तो म्हणाला, ‘बाबांचं चालू होतं ना.’

तेव्हा मला त्या सगळ्या सिनेमांचा विलक्षण राग आला. किती हिरो पाहिले होते आम्ही, जखमेवर जॅकेट ओढून ‘काही नाही, चल पुढे’ म्हणणारे! त्याने तेच केलं होतं. मग तुमचं बरोबर की काय?

पूर्ण नाही. दुखणी लपवणारी माणसं त्याने पडद्याआधी घरात पाहिली होती. छातीत कळ येते आहे हे त्याच्या बाबांनी तरी कुठे कोणाला वेळेवर सांगितलं? आणि सगळे सिनेमे एका माळेचे नसतात. २०१६ चा कोरियन ‘ट्रेन टू बुसान’ घ्या. आगगाडीत झोंबी शिरलेत, ज्याला ते चावतात तोही झोंबी होतो, आणि एक बाप मुलीला घेऊन त्याच गाडीत आहे. सुरुवातीला मुलगी एका म्हातारीला आपली जागा देते, तर बाप तिला बजावतो, अशा वेळी फक्त स्वतःचं बघायचं. तोच बाप शेवटी चावा बसल्यावर लपवाछपवी करत नाही. मुलीला इंजिनात बसवतो, सोबतच्या गरोदर बाईला ब्रेक दाखवतो, मुलीचा निरोप घेतो, मग उडी मारतो. त्याला त्याग शिकवला तो त्या चिमुरडीने, आणि जाताना मागे राहणाऱ्यांच्या हाती काय द्यायचं ते त्याला बरोबर कळलं. आम्ही हा सिनेमा त्याचे टाके निघाल्यावर पाहिला. मी मुद्दामच लावला होता, खोटं कशाला बोलू?

तर आता मी त्याच्याशेजारी याचसाठी बसते. हिरो मरतो की जगतो यापेक्षा त्याने कोणाला सांगितलं आणि कोणाला अंधारात ठेवलं, यावर आम्ही भांडतो. बंदी घातली असती तर त्याने एकट्याने पाहिलं असतं, आणि हे भांडण झालंच नसतं.

त्यात मीच जिंकते असंही नाही. परवा तो म्हणाला, ‘सांगितलं असतं तर तू बाबांना सोडून आली असतीस.’ आले असते. मी म्हटलं, ते मला ठरवू द्यायचं होतंस. तो म्हणाला, ‘यंत्राने तरी जॉनला कुठे ठरवू दिलं?’ मी म्हटलं, पण का जातोय ते तोंडावर सांगितलं ना. यावर त्याचं म्हणणं, सांगून केलं काय आणि न सांगता केलं काय, जॉन एकटा पडला तो पडलाच. मला हे मान्य नाही, आणि त्याला माझं.