आत्याच्या पिना

ठाण्याहून सकाळची पनवेल लोकल पकडायची असेल तर माझा सल्ला एकच: पकडू नका. ऐरोली-घणसोलीच्या कंपन्यांत जाणारी माणसं उतरेपर्यंत माझा एक हात कुणाच्या तरी बॅगेखाली अडकून होता. आत्याला मात्र ट्रेन हलायच्या आधीच जागा मिळाली. वय 74, चेहरा गरीब. मला कुणी विचारलंही नाही, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

जायचं होतं नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत. विज्ञान दिनाला यंत्रं बघायला मिळतील असं कळलं आणि आत्याने हट्टच धरला. ती अलिबागची. तिथली चुंबकीय वेधशाळा याच संस्थेची. लहानपणी तिने त्या वेधशाळेचं कुंपण रोज पाहिलं, पण आत पाऊल कधी टाकलं नाही. "लोखंड न्यायचं नाही आत, एवढंच माहीत होतं," म्हणाली.

पनवेलला उतरल्यावर रिक्षावाल्याशी जे झालं ते लिहीत नाही.

आतले तक्ते मी चाळल्यासारखे वाचले. एका टेबलावर मात्र आमचा पाऊण तास गेला. काठीएवढा एक सेन्सर, शेजारी पडदा, पडद्यावर नॅनोटेस्लाचे, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजायच्या एककाचे, आकडे. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जगभरात साधारण 25 ते 65 हजार नॅनोटेस्ला असतं. ऐकायला मोठं वाटतं, पण फ्रिजवर चिकटवतो ते चुंबक याच्या शंभरेक पट जोरदार. आत्या वाकली आणि शेवटचे आकडे सैरावैरा पळायला लागले.

"आजी, हातात काय आहे?" टेबलामागच्या मुलाने विचारलं.

"सोनं आहे रे."

"सोन्याने असं होत नाही."

बांगडीत तीन सेफ्टी पिना अडकवलेल्या होत्या. आत्याने त्या काढून माझ्या तळहातावर ठेवल्या आणि मला चार पावलं मागे पिटाळलं. नुसता हात नेला: आकडे जागेवर. एक पिन घेऊन नेला: पळाले. मग दोन. मग पिन उलटी धरून. मागे रांगेत शाळेची पोरं "आजी, आमचा नंबर" म्हणून ओरडत होती आणि मी लाजेने अर्धी झाले होते. तो मुलगा मात्र मजेत होता. म्हणाला, सूर्यावरून आलेलं मोठं चुंबकीय वादळसुद्धा काहीशे नॅनोटेस्लाच हलवतं. 1859 च्या सप्टेंबरात मात्र मुंबईत कुलाब्याला सुमारे 1600 ची घसरण झाली होती, आणि ती माणसांनी डोळ्यांनी वाचून हाताने टिपली होती.

कुलाब्याची वेधशाळा 1826 ची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं आणि चुंबकीय नोंदींचं भवितव्य कळून चुकलं. विजेचा प्रवाह जवळून वाहतो तिथे सुई खरं बोलत नाही. म्हणून कुलाबा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली 1904 मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. दोन वर्षं दोन्हीकडे एकदमच मोजमाप चाललं, म्हणजे जुन्या आकड्यांना नवे जोडता यावेत. थोडक्यात, मी ज्या विजेच्या गाडीतून कोंबून आले, तिच्याच पणजीने हे बिऱ्हाड समुद्रापार धाडलं होतं.

"आणि दगड पोरबंदरचा आणला होता," आत्या मधेच म्हणाली. मला वाटलं काहीतरीच सांगतेय. पण तो मुलगा मान डोलावत होता. आपला काळा दगड स्वतःच थोडा चुंबकीय असतो, तो भिंतीला चालत नाही. आत्याने माझ्याकडे असं पाहिलं, की पीएचडी हिचीच.

"बाबा सायकल फाटकाबाहेर लावायचे," ती त्याला सांगायला लागली. "आम्हाला वाटायचं, आतले साहेब खडूस आहेत."

परतीच्या गर्दीत माझ्या ओढणीची कड कुणाच्या तरी छत्रीत अडकून टरकन फाटली. आत्याने बांगडीतली एक पिन काढली, पुढे केली आणि थबकली.

"इथे नाही ना ग ते यंत्र?"