२८ बारकी स्वस्तिकं

चिऊ काल येऊन गेली आणि तेव्हापासून डोक्यात एकच किडा वळवळतोय.

थंडरबोल्ट बघायचं म्हणाली, दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन लढाऊ विमानाचं माझं मॉडेल. दिलं काढून हातात, दादालासुद्धा देत नाही मी. १:७२ स्केल, पंख जेमतेम १७ सेंटीमीटर, पण धातूचं असल्यामुळे वजन लागतं ना, ते तिला जाम आवडलं. मग कॉकपिटच्या खाली नख टेकवून म्हणते, मामा, याची पूजा केलेली का, आपल्या गाडीची केली तशी?

तिथे स्वस्तिकं आहेत. मोहरीएवढी, ओळीत, २८. म्हटलं नाही गं, ती पाडलेली जर्मन विमानं, एका विमानामागे एक खूण. तर म्हणे, मग आतली माणसं? पॅराशूट असतं, म्हटलं. सगळ्यांची उघडतात असं काही म्हटलं नाही.

बास, एवढंच झालं. इतकं लागण्यासारखं काय आहे त्यात?

ती स्वस्तिकं मी भिंगाखाली धरून मोजून घेतलीयत, एक कमी असतं तर विमान परत पाठवलं असतं. हे विमान उडवणाऱ्या गॅब्रेस्कीनं अठ्ठाविसावं ५ जुलै १९४४ ला पाडलं आणि २० तारखेला हा गडी स्वतःच गेला, म्हणजे मेला नाही, घरी परतायचं ठरलेलं असताना अजून एक फेरी मारतो म्हणून निघाला, जर्मन विमानतळावर इतका खाली आला की प्रोपेलर जमिनीला घासला, तिथेच आदळत उतरला आणि नंतर पकडला गेला. म्हणजे २८ खुणांचं हे विमान उणेपुरे १५ दिवस उडलंय. हे सगळं मला तोंडपाठ. घरात विचारतंय कोण म्हणा, नीलूसाठी ती ‘तुझी ती विमानं’, त्यातही कस्टम ड्यूटी भरायची वेळ आली की आवाज वेगळा. बाबा असते तर... जाऊ दे.

पण २८ म्हणजे २८ कॉकपिट, आत कुणीतरी बसलेलं, हे एवढ्या वर्षांत एकदाही मनात येऊ नये?

निघताना चिऊ म्हणाली, पुढच्या वेळी बिनस्वस्तिकाचं आण. रात्री शोधत बसलो. जो तो मॉडेलं बनवतो ती नावाजलेल्या, भरपूर विमानं पाडलेल्या एस पायलट लोकांचीच. बरोबरच आहे, पहिल्याच आठवड्यात पडलेल्या पोराचं विमान घेणार कोण, मी तरी घेतलं असतं का? शेवटी एक साधं हरिकेन, म्हणजे ब्रिटिश लढाऊ विमान, सापडलं, कुणाचं होतं ते लिहिलेलंच नाही. किंमत मात्र गॅब्रेस्कीएवढीच. वर ड्यूटी.