मांडी घातली की पेडल कोण दाबणार?

गिटारची पेडलं उभ्या माणसासाठी बनवलेली असतात. टाच खाली, चवडा खाली, आणि त्या दोहोंच्या मध्ये सगळी करामत. मी भावगीतं, गझला आणि अभंगांच्या कार्यक्रमांत साथीला इलेक्ट्रिक गिटार वाजवते आणि यातले बरेचसे कार्यक्रम बैठकीचे असतात. स्टेजवर गाद्या, पांढऱ्या चादरी, मध्ये गायिका, तिच्या उजव्या हाताला तबला, डाव्या हाताला हार्मोनियम, आणि हार्मोनियमच्या मागे थोडी तिरकी मी. दोन्ही पाय मांडीत. तिथे वाह (सुराला 'वाव-वाव' असा रंग देणारा फिल्टर) किंवा व्हॉल्यूम पेडल दाबायला पायच उरत नाही.

मुळात वाह पेडल आलं ऑर्गनकडून. 1966 साली थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट या इंजिनिअरने वाहचं सर्किट तयार केलं आणि ते बसवलं ऑर्गनच्या व्हॉल्यूम पेडलच्या ठोकळ्यात. ऑर्गनवाला बाकावर बसतो, त्याचे पाय खाली मोकळे असतात. गिटारवाला उभा राहतो, त्याचंही जमून जातं. बैठकीतल्या वादकाचा विचार त्या ठोकळ्यात कुठेच नाही, आणि का असावा? तो विचार आपणच करायचा.

मला वाहपेक्षा जास्त हवा होता तो व्हॉल्यूम स्वेल. आवाज बंद ठेवून तार छेडायची आणि मग आवाज हळूहळू वर आणायचा. छेडण्याचा 'टण्' निघून जातो आणि सूर गजाने वाजवल्यासारखा उगवतो. कडव्याआधीच्या पीसमध्ये, किंवा गायिकेने ओळ संपवून श्वास घेतला की त्या फटीत, असा एक लांब सूर ठेवला तर शब्दांना धक्का लागत नाही. गिटारच्या नॉबवर करंगळीने हे करता येतं, पण मी बोटांनी छेडते, त्यामुळे करंगळी नॉबवर अडकवली की बाकीचा हातही अडकतो.

हालचालीवर इफेक्ट चालवायची कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या सोर्स ऑडिओचं 'हॉट हँड' म्हणजे बोटात घालायची अंगठीच आहे. आत ॲक्सेलरोमीटर, म्हणजे हालचाल ओळखणारा सेन्सर, हात हलला की इफेक्ट हलतो. मी त्याच धर्तीवर सेन्सर आधी उजव्या मनगटावर पट्टीने बांधला. जोरात स्ट्रमिंग करताना मजा येते, प्रत्येक फटक्याबरोबर फिल्टर उघडतो आणि मिटतो. पण स्वेलसाठी उजवा हात तार छेडून तिथेच थांबलेला असतो. त्याला मुद्दाम हवेत हलवणं म्हणजे वादन सोडून हातवारे करणं. गिटारची मान मात्र मोकळी असते. मांडीवर गिटार असताना डाव्या हाताने मान वर-खाली करणं अगदी सहज होतं, सूर लांबवताना ती आपसूक थोडी उचललीही जाते. म्हणून सेन्सर गेला मानेच्या टोकाला, खुंट्यांपाशी.

सामान सगळं पुण्यातल्या तपकीर गल्लीत मिळालं. सेन्सर एमपीयू-6050, जीवाय-521 नावाच्या छोट्या बोर्डावर येतो. तो तीन अक्षांवरचं त्वरण (ॲक्सेलरोमीटर) आणि तीन अक्षांवरचं फिरणं (जायरोस्कोप) मोजतो. त्याच्याबरोबर सीड स्टुडिओचा झाओ ईएसपी32-सी3 हा बिनतारी बोलू शकणारा, प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड, लांबी 21 मिलिमीटर, मागच्या बाजूला छोट्या लिथियम बॅटरीसाठी जागा, आणि चार्जिंगही त्यातच. त्याची छोटी अँटेना लावायला विसरू नका, ती सुटी येते. हे दोन्ही जोडून एका जुन्या क्लिप ट्यूनरच्या चिमट्यावर बसवलं. ट्यूनरचा डिस्प्ले केव्हाच गेला होता, चिमटा मात्र ठणठणीत होता. सगळं मिळून वजन इतकं कमी की मान जड लागत नाही. सेन्सरचा एक अक्ष मानेच्या लांबीला समांतर राहील एवढं पाहायचं, बाकीचा फरक कॅलिब्रेशनमध्ये निघून जातो.

दुसऱ्या बाजूला उजव्या गुडघ्याजवळ एक डबी. तिच्यात साधा ईएसपी32 आणि एमसीपी41010 ही चिप. ही चिप म्हणजे 10 किलोओहमचा डिजिटल पोटेन्शिओमीटर, म्हणजे नॉबसारखा कमी-जास्त होणारा रोध, पण हाताऐवजी कोडने फिरवायचा, 256 पायऱ्यांचा. एक्स्प्रेशन पेडल, म्हणजे इफेक्टचं मूल्य पायाने कमी-जास्त करायचं पेडल, त्याच्या आत बहुतेक वेळा असाच 10 किलोओहमचा पोटेन्शिओमीटर असतो, त्यामुळे मल्टिइफेक्टला (अनेक इफेक्ट एकाच डब्यात असलेल्या यंत्राला) वाटतं की नेहमीचं पेडलच जोडलंय. चिमट्याकडून डबीकडे मानेच्या कोनाचा आकडा ईएसपी-नाऊ या बिनतारी पद्धतीने जातो. त्याला राउटर लागत नाही, दोन बोर्ड एकमेकांशी थेट बोलतात.

जोडणीआधी मल्टिमीटर काढा, हे मी आग्रहाने सांगते. एक्स्प्रेशनच्या सॉकेटमध्ये स्टिरिओ पिन घालून टिप (पिनचं टोक) आणि रिंगवर (त्यामागचं कडं) किती व्होल्ट येतात ते मोजा. बऱ्याच कंपन्या रिंगवर व्होल्टेज देतात आणि टिपवरून वाचतात, काही उलट करतात. शिवाय या चिपच्या टोकांवर तिच्या स्वतःच्या सप्लायपेक्षा जास्त व्होल्टेज चालत नाही. माझ्या मल्टिइफेक्टवर 3.3 व्होल्ट आले, म्हणून चिपही 3.3 वर चालवली आणि ईएसपी32शी तिचं आपोआप जुळलं. 5 व्होल्ट आले असते तर चिपला 5 द्यावे लागले असते. मग ईएसपी32चे 3.3 व्होल्टचे इशारे तिला भरवशाने कळले नसते आणि मध्ये व्होल्टेज जुळवणारा लेव्हल शिफ्टर घालावा लागला असता.

आता खरा किचकट भाग. ॲक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षणावरून कोन सांगतो, पण त्याला तुमच्या प्रत्येक फटक्याचा धक्काही जाणवतो. नुसत्या त्याच्या आकड्यांवर व्हॉल्यूम लावला तर सूर थरथरतो. जायरोस्कोपचे आकडे छान गुळगुळीत, पण तो हळूहळू सरकत जातो आणि दहा मिनिटांनी आडवी मान त्याला उभी वाटू शकते. म्हणून दोघांना एकत्र करायचं. दर 10 मिलिसेकंदांनी नवा कोन काढताना 98 टक्के विश्वास जायरोवर आणि 2 टक्के ॲक्सेलरोमीटरवर. जायरो क्षणाक्षणाची हालचाल पकडतो, ॲक्सेलरोमीटर त्याला सारखा जमिनीची आठवण करून देतो. सेन्सरच्या आतही एक फिल्टर आहे. तो 5 हर्ट्झवर ठेवला तर त्वरणाचं मापन 19 मिलिसेकंद उशिरा येतं, 21 हर्ट्झवर ठेवला तर साडेआठ. मी 21 ठेवला. स्वेलमध्ये उशीर कानाला फारसा कळत नाही, पण हाताला कळतो. मान उचलली आणि सूर मागून आला की वाद्य आपलं वाटत नाही.

त्यानंतर वळणाचा प्रश्न. कोन आणि आवाज सरळ प्रमाणात ठेवले तर पहिल्या पाच अंशांतच सगळा आवाज आल्यासारखा वाटतो आणि पुढे नुसतीच मान उचलत राहावी लागते. कान पटीने ऐकतो, बेरजेने नाही. म्हणून कोनाचा वर्ग घेतला: अर्धी मान उचलली की पाव मूल्य, म्हणजे पूर्ण आवाजापेक्षा 12 डेसिबल खाली. तेवढ्या एका ओळीने वाद्य बदललं. अर्ध्या वाटेवर सूर थांबवून धरणं, तिथूनच परत मागे नेणं, हे सगळं शक्य झालं. तळालाही पूर्ण शून्य ठेवलेलं नाही, पाच टक्के ठेवलेत. शून्याजवळ पोटेन्शिओमीटरच्या एकेका पायरीची उडी मोठी असते, 1 वरून 2 वर जाणं म्हणजे थेट 6 डेसिबल, आणि शांत सभागृहात ती पायरी ऐकू येते.

कोन किती ठेवायचा हे मात्र तालमीत ठरलं. घरी मी 40 अंश ठेवले होते. तालमीला ज्या ताई गात होत्या, त्या दुसऱ्या अंतऱ्याआधी थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, मान किती हलवतेस गिटारची! मला वाटलं, उचल म्हणून खुणावतेयस." त्यांचं बरोबर होतं. आम्ही गिटारवाले समेची, शेवटच्या तिहाईची खूण गिटारच्या मानेनेच देतो आणि गाणारा डोळ्यांच्या कोपऱ्यातून तीच पाहत असतो. तबल्यावरचे दादा म्हणाले, "मला उलट बरं पडतं, पीस कुठे संपतोय ते दिसतं." शेवटी ताईंचं ऐकलं. कोन 25 अंशांवर आणला, आणि खरी खूण द्यायची असेल तर आता मान नाही, डोकं हलवते.

कॅलिब्रेशन, म्हणजे मानेची खालची आणि वरची जागा सेन्सरला दाखवून देणं, प्रत्येक कार्यक्रमात नव्याने करते आणि ते ग्रीनरूममध्ये नाही, गादीवर बसल्यावरच. गादी किती दबते, लोड मागे आहे का, यावर मांडी बदलते आणि मांडीबरोबर गिटारचा तिरकसपणा बदलतो. ट्यूनिंग झालं की मान खाली धरून डबीवरचं बटण दाबायचं, मान वर करून पुन्हा दाबायचं. तानपुरे जुळेपर्यंत आपलं काम होऊन जातं.

एक गोष्ट कोडमध्ये सगळ्यात आधी लिहा: चिमट्याकडून 200 मिलिसेकंद काहीच आलं नाही, तर आवाज हळूहळू पूर्ण वर न्यायचा. बॅटरी संपली आणि मान त्या वेळी खाली असली, तर गिटार भर कार्यक्रमात मुकी होईल. पूर्ण आवाजात अडकलेली गिटार निदान वाजते तरी. हा बिघाड माझ्यावर अजून आलेला नाही, पण तो येईल असं धरूनच साउंडचेकला मी एकदा चिमट्याची बॅटरी मुद्दाम काढून पाहते.

रेडिओचंही भान हवं. ईएसपी-नाऊ 2.4 गिगाहर्ट्झवर चालतं आणि गिटारचे बरेच कॉर्डलेस सेटही त्याच पट्ट्यात असतात. मी बसूनच वाजवते, त्यामुळे गिटारला साधी केबल लावते आणि तो झगडाच मिटतो. डबीला वेगळी बॅटरी दिली आहे. पेडलांच्याच ॲडॅप्टरवर ती चालवली तेव्हा स्पीकरमधून बारीक किणकिण यायची, कारण एक्स्प्रेशनच्या केबलमधून ग्राउंड आधीच जोडलेला असतो आणि सप्लायमधून तो दुसऱ्यांदा जोडला जातो.

वाजवण्याबद्दल एवढं सांगते की तार मान उचलण्याआधी छेडायची, बरोबर नाही. हात स्वभावतः दोन्ही एकदम करतो आणि मग छेडण्याचा कोपरा ऐकू येतोच. मी सावकाश दादऱ्यात सराव केला: 'धा'वर छेडायचं, 'धी'पासून मान उचलायला लागायची आणि दुसऱ्या 'धा'वर, म्हणजे चौथ्या मात्रेला, सूर पूर्ण फुलवायचा. मग परतीच्या तीन मात्रांत तो खाली. हे अंगात बसलं की मात्रा मोजाव्या लागत नाहीत. सुराची निवडही महत्त्वाची. गायिका ज्या सुरावर थांबली त्याच सुराचा स्वेल दिला तर तिचाच आवाज लांबल्यासारखा वाटतो. पंचम दिला तर मागे पडदा तयार होतो. मला पहिलं जास्त आवडतं, पण ते गायिकेच्या मर्जीने करावं, काहींना स्वतःचा सूर संपल्यावर शांतताच हवी असते. रिव्हर्ब (सभागृहातल्यासारखी घुमणारी आस देणारा इफेक्ट) स्वेलच्या नंतर हवा, म्हणजे आवाज खाली आणला तरी शेपूट मागे रेंगाळते. एक्स्प्रेशन ज्या व्हॉल्यूमला जोडलात तो मल्टिइफेक्टच्या साखळीत रिव्हर्बच्या आधी आहे ना, ते पाहून घ्या.

वाहही लावून पाहिला. गझलेत तो मला खुपतो. तिथला शब्द इतका पुढे असतो की मागे फिल्टरने 'वाव-वाव' केलं तर दुसरंच कोणी बोलायला लागल्यासारखं होतं. मींडसाठी, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाण्यासाठी, पिच शिफ्टही (सूर वर-खाली करणारा इफेक्ट) लावला, दोन सेमिटोनांचा. तो काढून टाकला. 25 अंशांच्या हालचालीत कोमल गांधार नेमका कुठे आहे हे मानेला कळत नाही, बोटाला मात्र तारेवर लगेच कळतं. ज्याला कान लागतो ते काम बोटाकडेच राहू दे.

आणि नायलॉनच्या किंवा साध्या ॲकूस्टिक गिटारवर याच्या वाटेला जाऊ नका. लहान सभागृहात पहिल्या दोन रांगांना गिटारच्या पोकळ पेटीतून येणारा 'टण्' थेट ऐकू येतो, तो कुठलंही पेडल थांबवू शकत नाही. माझी गिटार पातळ, भरीव लाकडाची आहे, म्हणून हे जमतं.

अभंगात, विशेषतः शेवटच्या गजरात, स्वेलला जागाच नसते. टाळ सुरू झाले की डबीवरचं बटण लांब दाबते, आवाज पूर्ण वर अडकतो, मान कशीही हलली तरी फरक पडत नाही, आणि मी सरळ कॉर्ड वाजवते. सध्या सेन्सरचा दुसरा अक्ष, म्हणजे गिटार अंगाकडे झुकवणं, डिलेच्या मिक्सला, म्हणजे सुराचा प्रतिध्वनी किती मिसळायचा त्याला, जोडून पाहतेय. माझ्या मल्टिइफेक्टला एक्स्प्रेशनचं एकच सॉकेट आहे, म्हणून हा दुसरा आकडा मिडीवरून (वाद्यांनी एकमेकांना डिजिटल आदेश द्यायची पद्धत) कंट्रोल चेंज म्हणून जातो, 0 ते 127. गिटार अंगाकडे घेतली की खुंट्या दिसेनाशा होतात, एवढी एक अडचण अजून सोडवायची आहे.