वर्डमधले क्रमांक भरकटतात तेव्हा

प्रश्न ३ नंतर एकदम प्रश्न ५ येतो. दुसऱ्या प्रश्नाचे उपप्रश्न १ पासून सुरू व्हायला हवेत, ते ६ पासून सुरू होतात. दुसऱ्या फाइलमधून चार मुद्दे आणून चिकटवले की आधीचे बारा मुद्दे विस्कटतात. मग माणूस वैतागतो, क्रमांक पुसतो आणि हाताने १, २, ३ टाइप करत बसतो. तेवढ्यापुरतं काम भागतं, पण मधे एक मुद्दा वाढला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. या त्रासाचं कारण बहुतेक वेळा एकच असतं आणि ते कळलं की दुरुस्ती अवघड नाही.

क्रमांक परिच्छेदात लिहिलेला नसतो. परिच्छेदाजवळ दोनच गोष्टींची नोंद असते: तो कोणत्या यादीतला आहे आणि त्या यादीत कितव्या पातळीवर आहे. आकडा वर्ड दर वेळी मोजून दाखवतो. म्हणून आकडा चुकला याचा अर्थ मोजणी चुकली असा नाही, परिच्छेद भलत्याच यादीत जाऊन बसलाय असा आहे. डोळ्यांना एकच दिसणारी यादी आतून तीन-चार वेगवेगळ्या याद्यांची बनलेली असू शकते.

हे तपासायला एक क्लिक पुरतं. कोणत्याही क्रमांकावर, म्हणजे मजकुरावर नाही, नेमकं आकड्यावर एकदा क्लिक करा. त्या यादीतले त्या पातळीचे सगळे क्रमांक एकदम करडे होतात. जे करडे झाले नाहीत ते दुसऱ्या यादीतले. आधी हे बघा आणि मगच पुढे काही करा. न बघता 'कंटिन्यू नंबरिंग' आणि 'रिस्टार्ट अॅट वन' आलटून पालटून दाबत राहिलं की याद्यांची संख्या वाढतच जाते.

'रिस्टार्ट' दाबल्यावर वर्ड तिथून पुढच्या परिच्छेदांसाठी एक नवी यादी तयार करतो. दोन पानी पत्रात याने काही बिघडत नाही. पण प्रत्येक प्रश्नाखाली असं नव्याने सुरू केलेलं असेल आणि नंतर दुसऱ्या प्रश्नातला एक उपप्रश्न उचलून तिसऱ्यात ठेवला, तर तो आपली जुनी यादी सोबत घेऊन येतो आणि तिथे ५) म्हणून उभा राहतो. अशा एकट्यादुकट्या परिच्छेदाला दुरुस्त करायचं तर ज्याचा क्रमांक बरोबर आहे अशा शेजारच्या परिच्छेदावर कर्सर ठेवून फॉरमॅट पेंटर ('होम' टॅबवरचा ब्रश) घ्या आणि चुकलेल्या परिच्छेदावर फिरवा. जुन्या वर्डमध्ये कंट्रोल+शिफ्ट+सी आणि मग कंट्रोल+शिफ्ट+व्ही, नव्यात कंट्रोल+ऑल्ट+सी आणि मग कंट्रोल+ऑल्ट+व्ही, यांनीही तेच होतं. फक्त परिच्छेद शेवटच्या खुणेसह पूर्ण निवडलेला हवा, कारण यादीची नोंद त्या खुणेतच असते. ती खूण दिसत नसेल तर कंट्रोल+शिफ्ट+८ दाबा.

दहा-वीस पानांचा करारनामा, सोसायटीची नियमावली, प्रबंध, प्रश्नपत्रिका असं काही असेल तर ही ठिगळं लावत बसू नये. एकदाच बहुपातळी यादी बांधावी आणि तिची प्रत्येक पातळी एकेका स्टाइलला, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या परिच्छेदाच्या रूपाला, जोडावी. अर्ध्या तासाचं काम आहे, पण त्यानंतर क्रमांकांकडे बघावं लागत नाही. प्रश्नपत्रिकेचंच उदाहरण घेऊ, कारण तिच्यात सगळ्या अडचणी एकत्र येतात.

आधी स्टाइल तयार करा: 'प्रश्न', 'उपप्रश्न', लागेल तशा. या स्टाइल तयार करताना किंवा बदलताना 'मॉडिफाय स्टाइल'च्या खिडकीतल्या 'फॉरमॅट' बटणाखाली 'नंबरिंग' दिसेल. तिथे जाऊ नका. तिथून दिलेला क्रमांक एका स्टाइलपुरती सुटी यादी बनवतो, पातळ्या एकमेकींना ओळखत नाहीत आणि उपप्रश्न नव्या प्रश्नाखाली पुन्हा १ वर येत नाहीत. त्याच खिडकीत 'ऑटोमॅटिकली अपडेट' असा चौकोन असतो, तोही रिकामा ठेवा. नाहीतर एका प्रश्नाचा समास सरकवला की सगळे प्रश्न सरकतात.

मग पहिल्या प्रश्नावर कर्सर ठेवून 'होम' टॅबवरच्या परिच्छेद गटातलं तिसरं बटण, म्हणजे 'मल्टिलेव्हल लिस्ट', उघडा आणि 'डिफाइन न्यू मल्टिलेव्हल लिस्ट' निवडा. खिडकी उघडली की खाली डावीकडचं 'मोअर' दाबायला विसरू नका. कामाची अर्धी गोष्ट त्यामागे लपलेली असते. डावीकडे पातळी १ निवडून उजवीकडे 'लिंक लेव्हल टू स्टाइल'मध्ये 'प्रश्न' घ्या. क्रमांकाच्या चौकटीत करड्या पार्श्वभूमीवर एक आकडा दिसेल. त्याच्या आधी 'प्र. ' टाइप करा आणि नंतर हवं ते विरामचिन्ह द्या. करडा आकडा पुसून तिथे हाताने १ लिहिलात तर प्रत्येक प्रश्न 'प्र. १'च राहील. चुकून पुसला गेलाच तर 'नंबर स्टाइल'च्या यादीतून पुन्हा आणता येतो. पातळी २ ला 'उपप्रश्न' जोडा आणि 'रिस्टार्ट लिस्ट आफ्टर'वर खूण आहे आणि पुढे पातळी १ आहे याची खात्री करा. प्रत्येक नव्या प्रश्नाखाली उपप्रश्न आपोआप पहिल्यापासून सुरू होतात ते या खुणेमुळे.

देवनागरी आकडे याच 'नंबर स्टाइल'च्या यादीत खाली असतात. दिसत नसतील तर 'ऑप्शन्स'मध्ये 'लँग्वेज'खाली मराठी जोडून वर्ड बंद करून पुन्हा उघडा.

आता अ, ब, क, ड. आपल्याकडे प्रश्नपत्रिकेत, शासकीय पत्रांत, करारात हाच क्रम चालतो, आणि वर्डकडे तो नाही. क, ख, ग, घ आहे, अ, आ, इ, ई आहे, पण अ नंतर ब येत नाही. यावर सुटसुटीत उपाय असा: यादीला नऊ पातळ्या असतात, त्यांतल्या चार अक्षरांसाठी खर्च करा. पातळी २ मधला करडा आकडा पूर्ण काढून फक्त 'अ)' लिहा, पातळी ३ मध्ये 'ब)', ४ मध्ये 'क)', ५ मध्ये 'ड)', आणि चारही पातळ्यांना एकेक स्टाइल जोडून एकसारखा समास द्या. करडा आकडा मुद्दाम काढायची ही एवढीच जागा. उपप्रश्नांची (१), (२), (३) ही पातळी ६ वर ठेवा आणि 'उपप्रश्न' स्टाइल तिला जोडा. कोणतीही वरची पातळी आली की खालची पहिल्यापासून मोजली जाते, त्यामुळे 'ब'खालचे उपप्रश्न पुन्हा (१) पासून सुरू होतात. अक्षरं आपोआप पुढे सरकणार नाहीत, 'अ'ची 'ब' स्टाइल तुम्हालाच द्यावी लागेल. पण एका प्रश्नात चारच अक्षरं असतात आणि बाकी मोजणी अचूक राहते.

ही यादी पुढे कधी बदलायची झाली तर कर्सर पातळी १ च्या परिच्छेदात ठेवूनच ती खिडकी उघडा. भलत्याच ठिकाणाहून उघडली तर वर्ड जुनी यादी दुरुस्त करण्याऐवजी नवी बनवतो आणि पुन्हा दोन याद्या होतात. चांगली बांधलेली यादी बिघडायचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

समासाचं वेगळं सांगायला हवं. क्रमांक आणि मजकूर यांतलं अंतर रूलरवरचे त्रिकोण ओढून ठरवू नका. तो बदल त्या एका परिच्छेदापुरता राहतो आणि स्टाइलपासून फारकत घेतो. आकड्यावर राइट क्लिक करून 'अॅडजस्ट लिस्ट इंडेंट्स' घ्या, किंवा वरच्याच खिडकीत 'अलाइन्ड अॅट' आणि 'टेक्स्ट इंडेंट अॅट' भरा. नवव्या मुद्द्यापर्यंत सगळं सरळ आणि दहाव्यापासून मजकूर उजवीकडे उडी मारतो, ही तक्रार फार ऐकू येते. कारण साधं आहे: क्रमांकानंतर टॅब असतो, 'प्र. १०.' एवढं रुंद लेबल ठरलेल्या जागेत मावत नाही, आणि टॅब पुढच्या थांब्यावर जातो. 'प्र.'सकट दोन अंकी क्रमांकाला १४ पॉइंटमध्ये १.५ सेंटिमीटर तरी द्या. नुसत्या आकड्यांची यादी असेल तर 'नंबर अलाइनमेंट' उजवीकडे करा, 'अलाइन्ड अॅट' ०.८ आणि 'टेक्स्ट इंडेंट अॅट' १.१ सेंटिमीटर ठेवा. एकं-दशक नीट एकाखाली एक येतात. आधी कोणी रूलर ओढून ठेवला असेल तर ते परिच्छेद निवडून कंट्रोल+क्यू दाबा, म्हणजे ते स्टाइलच्या मूळ मापावर येतात.

क्रमांक एकटाच ठळक, लाल किंवा लहान दिसत असेल तर दोष परिच्छेदाच्या शेवटच्या खुणेत शोधा. क्रमांक आपलं रूप त्या खुणेकडून घेतो. वाक्यातला शेवटचा शब्द ठळक करताना खूणही निवडली गेली की क्रमांक ठळक होतो. फक्त ती खूण निवडून कंट्रोल+स्पेसबार दाबा.

मराठी मजकुरात यात आणखी एक पेच आहे. वर्ड देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट आणि वेगळा आकार धरून ठेवतो. कंट्रोल+डी दाबलं की फॉन्टच्या खिडकीत 'लॅटिन टेक्स्ट' आणि 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असे दोन भाग दिसतात, ते याचसाठी. मजकूर १४ चा आणि 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'मध्ये ११ राहिले असतील तर देवनागरी क्रमांक बारीक दिसणारच. यादीच्या खिडकीत प्रत्येक पातळीसाठी 'फॉन्ट' बटण असतं, तिथे दोन्ही भागांत तोच फॉन्ट आणि तोच आकार द्या. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये अडचण वेगळी होते. कृतिदेवमध्ये पूर्णविरामाच्या जागी अर्धा ण बसवलेला आहे, म्हणून '1.' असा क्रमांक कागदावर आकडा आणि पुढे 'ण्' असा उमटतो. मजकूर त्याच फॉन्टमध्ये ठेवायचा असेल तर क्रमांकाला त्याच 'फॉन्ट' बटणातून युनिकोड फॉन्ट द्या.

तक्त्यातला 'अ.क्र.'चा रकानाही हाताने भरू नये. शीर्षकाखालच्या सगळ्या चौकटी निवडून क्रमांकाचं बटण दाबा, नंतर आकड्यावर राइट क्लिक करून उघडणाऱ्या समासाच्या त्याच खिडकीत 'फॉलो नंबर विथ'पुढे 'नथिंग' निवडा आणि समास शून्य करा, म्हणजे आकडा चौकटीत मधोमध आणता येतो. ओळ वाढवली किंवा काढली तरी क्रम बरोबर राहतो. आडनावांप्रमाणे सॉर्ट केलं तरी राहतो, कारण आकडा ओळीसोबत फिरत नाही, जागेवर मोजला जातो. एखाद्या चौकटीत चुकून एंटर दाबला गेला असेल तर मात्र तिथे दोन क्रमांक दिसतील. मुद्द्यात नुसती नवी ओळ हवी असेल तिथे शिफ्ट+एंटर वापरा, तक्त्यातही आणि बाहेरही.

करारात 'कलम ४(२) मध्ये नमूद केल्याप्रमाणे' असं लिहिताना ४(२) टाइप करू नका. 'रेफरन्सेस'मधून 'क्रॉस-रेफरन्स' घ्या, प्रकार 'नंबर्ड आयटम' ठेवा आणि 'पॅरेग्राफ नंबर (फुल काँटेक्स्ट)' निवडा. मधे एखादं कलम घुसलं की कंट्रोल+ए, मग एफ९, आणि सगळे संदर्भ नव्या क्रमांकावर येतात. तळटीपांमधले येत नाहीत, तिथे कर्सर नेऊन वेगळं करावं लागतं. नवं कलम घालताना जुन्या कलमाच्या सुरुवातीला एंटर दाबू नका, वरच्या कलमाच्या शेवटी दाबा. संदर्भाची लपलेली खूण कलमाच्या सुरुवातीला असते आणि एंटरने ती भलत्याच परिच्छेदावर राहू शकते. मग संदर्भ चुकीच्या कलमाकडे बोट दाखवतो आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. करारात ही चूक महागात पडते.

'माझ्याकडे बरोबर दिसतं, त्यांच्याकडे उघडलं की बिघडतं' अशी स्थिती असेल तर दोन गोष्टी बघा. 'डेव्हलपर' टॅबवरून उघडणाऱ्या टेम्प्लेटच्या खिडकीत 'ऑटोमॅटिकली अपडेट डॉक्युमेंट स्टाइल्स'वर खूण असेल तर फाइल उघडताच समोरच्याच्या संगणकावरच्या टेम्प्लेटच्या स्टाइल तुमच्या स्टाइलवर बसतात. ती खूण काढा. दुसरं म्हणजे 'ट्रॅक चेंजेस'. खोडलेला मुद्दा बदल स्वीकारेपर्यंत मोजणीत धरला जातो, त्यामुळे ३ नंतर ५ दिसतो. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नसतं, बदल स्वीकारले की ४ जागेवर येतो.

शीर्षकाच्या क्रमांकाच्या जागी काळा ठोकळा दिसायला लागला तर घाबरून फाइल नव्याने टाइप करू नका. कर्सर शीर्षकाच्या मजकुराच्या सुरुवातीला ठेवा, डावा बाण दाबत ठोकळा करडा होईपर्यंत जा, कंट्रोल+शिफ्ट+एस दाबा आणि 'रीअप्लाय'वर क्लिक करा.

लिब्रेऑफिस रायटरमध्ये तर्क हाच आहे, नावं वेगळी. एफ११ दाबून स्टाइलची पट्टी उघडा, तिथे यादीच्या स्टाइलचा वेगळा विभाग आहे. यादी तिथे बांधा आणि परिच्छेदाच्या स्टाइलला जोडा. गूगल डॉक्समध्ये अशी जोडणी नाही, फक्त आकड्यावर राइट क्लिक करून पुन्हा सुरू करणं किंवा पुढे चालू ठेवणं एवढंच. कच्चा मसुदा तिथे लिहायला हरकत नाही, पण वर्डमध्ये आणताना क्रमांक न आणता आणा आणि इथे स्टाइल द्या. हाताने टाइप केलेले आकडे आले असतील तर ऑल्ट दाबून माउस उभा ओढा. फक्त आकड्यांचा उभा पट्टा निवडला जातो आणि एका डिलीटमध्ये जातो. दोन ओळींचा परिच्छेद मधे असेल तर मात्र थांबा, कारण त्या पट्ट्यात दुसऱ्या ओळीची पहिली अक्षरंही सापडतात.