तुम्ही विचारलंत म्हणून: प्लेअर जुना की नवा?

माळ्यावर वडिलांच्या रेकॉर्डी सापडल्या की लोक मला हटकून विचारतात, "प्लेअर जुना घेऊ की नवा?" माझ्याकडे जुना आहे, त्यामुळे 'जुनाच घ्या' एवढंच त्यांना ऐकायचं असतं. पण पहिलाच घेत असाल तर माझं उत्तर आहे, नवा घ्या.

जुन्यांना मी नावं ठेवत नाही. टेक्निक्सचा १९७२चा एसएल-१२०० किंवा त्याआधीचा इंग्लंडचा गॅरार्ड ३०१ आजही भल्याभल्यांना भारी पडेल. पण चोरबाजारात हाती लागतो तो वर्षानुवर्षं गोदामात पडलेला. वंगण गोठलेलं, पट्टा सैल, नाहीतर आतलं रबरी चाक एका जागी चपटं. दुकानदार मोठ्या आवाजात फिल्मी गाणं लावून दाखवतो, त्यात सगळं झाकलं जातं. तुम्ही आलापाची रेकॉर्ड न्या. मागचा तंबोरा ऐका. तो सूर जरा जरी हेलकावला, तर तबकडी एका वेगात फिरत नाहीये.

"अमेरिकेतला भाऊ येताना जुना घेऊन येतोय," म्हणणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. ११० व्होल्टचं काम ट्रान्सफॉर्मरने भागतं. पण तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५०ची, आणि बऱ्याच जुन्या प्लेअरची एसी मोटर त्यावरच आपला वेग ठरवते. मग तबकडी मिनिटाला ३३⅓ऐवजी २८पेक्षाही कमी फेरे घेते. पेटीच्या काळी चार पट्टीत गाणारी गायिका पांढरी चारच्याही खाली उतरते आणि तिची द्रुत बंदिश रेंगाळायला लागते! काही मॉडेलना ५० हर्ट्झवर वेग बरोबर ठेवणारी पुली, म्हणजे मोटरवरचं छोटं चाक, मिळते. ती आधी शोधा, मग प्लेअर बॅगेत भरा.

नवा म्हणजे सुटकेससारखा दिसणारा स्वस्तातला मात्र नको. त्यात बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) असते आणि ती पाचेक ग्रॅमच्या भाराने खाचेवर दाबून बसते. मॅग्नेटिक कार्ट्रिजला दोन-तीन ग्रॅम पुरतात. ऑडिओ-टेक्निकाचा एलपी६० साधाच आहे, पण सुई बदलता येते आणि सुईकडून येणारा क्षीण सिग्नल वाढवणारा फोनो प्रीअँप आतच असतो. जाणकार नाक मुरडतील, मुरडू देत.

आजोबांच्या लाखेच्या तबकड्या असतील तर मात्र मी उत्तर बदलतो. त्या मिनिटाला ७८ फेऱ्यांनी वाजतात आणि एलपी६०ला तो ७८चा वेगच नाही. शिवाय एलपीची, म्हणजे ३३⅓च्या रेकॉर्डीची, बारीक सुई त्या रुंद खाचेत तळाला घासत जाते. त्यासाठी जाड सुई वेगळी घ्यावी लागते. गॅरार्ड ३०१सारख्या जुन्यांना ७८चा वेग असतोच, काही नव्यांनाही असतो. तेव्हा आधी माळ्यावरची एक रेकॉर्ड हातात घेऊन बघा. जड, ठिसूळ, एका बाजूला तीनेक मिनिटांचं एकच गाणं असेल तर ती बहुतेक ७८ची. तसं निघालं तर कळवा, चोरबाजारात मीही येतो.