आमची वाटचाल : उस्तादांच्या दुकानापासून अक्कलकोट रोडपर्यंत

आमच्या वर्कशॉपच्या भिंतीवर प्रमाणपत्र नाही. सिद्धरामेश्वरांचा फोटो आहे, लाइट बिलांची क्लिप आहे आणि उधारीची वही खिळ्याला टांगलेली आहे. काही गिऱ्हाइकं आत आल्या आल्या आधी भिंतीकडं बघतात, मग माझ्याकडं. त्यांना काय विचारायचंय ते मला कळतं. वेल्डिंग शिकलात कुठं? तर एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

वडील गिरणीत होते. नव्वदच्या दशकात गिरणी बंद पडली आणि घर आईच्या विड्या वळण्यावर आलं. सोलापुरातल्या विजापूर रोडच्या सरकारी आयटीआयची फी तेव्हाही फार नव्हती, पण वेल्डरच्या ट्रेडला एक वर्ष जातं, आणि वर्षभर घरात पैसा न आणणं आम्हाला झेपणारं नव्हतं. पुण्यातल्या खासगी कोर्सचं तर नावच नको. त्यामुळं अशोक चौकाजवळच्या एका उस्तादांच्या दुकानात हेल्पर म्हणून चिकटलो. आठवड्याचा पगार शनिवारी, चहा दोन वेळचा.

सुरुवातीला होल्डर, म्हणजे रॉड धरायचा चिमटा, हातात मिळत नाहीच. झाडलोट, अँगल उचलणे, केबल गुंडाळणे आणि चिपिंग हातोडीनं जोडावर जमलेला पापुद्रा झाडणे. लोकांना हे हमालीचं काम वाटतं. मी म्हणतो, खरी शाळा तीच. करंट बरोबर असला की पापुद्रा स्वतःहून सुटायला बघतो, हातोडी नुसती लावायची. करंट कमी असला की खड्डा पडेपर्यंत ठोका, निघत नाही. पापुद्र्याखाली जोडाचा पट्टा कसा आहे, कडेला चर पडलाय का, टाचणीच्या टोकाएवढी भोकं आहेत का, हे दुसऱ्याच्या कामात रोज बघायला मिळतं. स्वतः होल्डर धरायच्या आधीच उस्तादांचे दोष मला ओळखू यायला लागले होते. अर्थात बोललो कधीच नाही.

उस्तादांचा एक हुकूम असायचा, "हाथ बाद में, पहले कान." सव्वातीन एमएमचा रॉड एकशेदहा-वीस अँपिअरला नीट जळत असेल तर आवाज कढईत भजी सोडल्यासारखा सलग येतो. तो फुटला, की रॉड लांब गेला किंवा चिकटायला आला. मशीन जुनं ऑइल कूल्ड ट्रान्सफॉर्मर, टू फेजवर चालणारं, चाक फिरवून करंट कमी-जास्त करायचा. खालून तेल झिरपायचं म्हणून पत्र्याचा डबा ठेवलेला. आकडे केव्हाच पुसले गेले होते, तरी उस्ताद चाकाला न बघता हात घालायचे आणि करंट नेमका लागायचा.

ते वारले तेव्हा त्या मशीनला गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मी उचललं. २००३ साली गाळा घेतला, भाड्यानं. मशीन, होल्डर, हप्त्यावरचा ग्राइंडर, दोन गुण्या, एक ओळंबा. ग्रील, गेट, शटरची दुरुस्ती आणि जानेवारीत सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा आली की स्टॉलचे सांगाडे. लोडशेडिंगच्या दिवसांत रात्री वीज आली की काम, अशी सवय पडली ती अजून मोडली नाही.

आता २००९. हे वर्ष मी विसरणार नाही आणि माझ्या शेजारच्या लाइनीतल्या गृहस्थांनीही विसरू नये. नाव घेत नाही. अक्कलकोट रोडला ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

एमआयडीसीत एका सूत व्यापाऱ्याच्या गोदामाचं शेड निघालं होतं. माप मी घेतलं, ड्रॉइंग मी काढलं, व्यापाऱ्यानं तोंडी होकार दिला. छपराच्या कैचीला पन्नास बाय पन्नास बाय सहाचा, म्हणजे सहा एमएम जाडीचा अँगल धरला होता. भाव वाढायच्या आत म्हणून माल उधारीवर उचलला, आमच्या धंद्यात सगळेच उचलतात. हे गृहस्थ मधे गेले. त्यांनी माझंच ड्रॉइंग पुढं ठेवलं आणि अँगल लावला पाच एमएमचा. सहाचा अँगल मीटरला साडेचार किलो भरतो, पाचचा तीन किलो आठशे. दोन्हीला बोलताना आपण पन्नासचाच अँगल म्हणतो. मालकाला फक्त खालची बेरीज दिसते.

तेवढ्यावर थांबते तर धंदा म्हणून सोडून दिलं असतं. पण त्यांनी व्यापाऱ्याच्या कानात घातलं, की याच्याकडं कागद नाही, उद्या शेडला काही झालं तर इन्शुरन्सवाला विचारेल वेल्डर कोण होता. त्यांच्या केबिनमध्ये प्रमाणपत्रं फ्रेम करून लावलेली. व्यापारी घाबरला, मला फोन करायचीही त्याला लाज वाटली. ऑर्डर गेली हे मला टेम्पोवाल्यानं सांगितलं. त्याच महिन्यात माझ्याकडं कामाला असलेली दोन पोरं तिकडं गेली. दोघांनाही व्हर्टिकल, म्हणजे उभ्या जोडाचं वेल्डिंग, मी शिकवलं होतं.

माझा माल अंगणात पावसात गंजत पडला. लोखंडवाल्याचा माणूस दर शनिवारी येऊन बसायचा, बोलायचा काही नाही, पाणी मागायचा. उस्तादांचं मशीन विकायला काढलं. भंगारवाला तांब्याच्या वाइंडिंगचा अंदाज घेऊन गेला.

ते शेड अजून उभं आहे, तेवढं मान्य करतो. पर्लिन, म्हणजे पत्र्याखालचे आडवे, मधे वाकून बसलेत, खालून बघितलं की दिसतात. मी तिकडनं गेलो की बघतोच.

अशात पूर्व भागातले एक कारखानदार अण्णा ॲपे रिक्षात मागाची साइड फ्रेम घालून आले. बिडाची, पायाजवळ चिरलेली. आधी कुणाकडून तरी जोडून आणली होती. जोड शाबूत होता, त्याच्या अंगाला लागून नवी चीर गेली होती. साध्या लोखंडाला वापरतात त्या सहा हजार तेरा नंबरच्या रॉडनं एका दमात भरलं की बीड असंच करतं, शेजार कडक होतो आणि थंड होताना तडकतो. कुणी जोडलं ते मी विचारलं नाही, अण्णांनीही सांगितलं नाही. पट्टा मात्र ओळखीचा होता.

मी म्हणालो, "अण्णा, आधीच सांगतो, माझ्याकडं सर्टिफिकेट नाही."

अण्णा म्हणाले, "कागद काय मागाला बांधायचाय का मिस्त्री? चालू करून दे की."

जुनी भरती ग्राइंडरनं पूर्ण काढली. रॉकेल लावून पुसलं, वर खडूची भुकटी टाकली, चीर कुठपर्यंत गेलीय ती रेघ उमटली. दोन्ही टोकांना बारीक भोक मारलं, नाहीतर ती पुढं पळते. चिरेवर व्ही आकाराची खाच काढली, विटांची चूल मांडून कोळशावर फ्रेम तापवली. निकेलचा रॉड महाग, पाकीट परवडत नव्हतं, सुटे नग आणले. इंचभर भरायचं, थांबायचं, गरम असतानाच गोल डोक्याच्या हातोडीनं हलकं ठोकायचं, मग पुढचा इंच, तोही दुसऱ्या टोकाला. घाई केली की सगळं पाण्यात. झाल्यावर फ्रेम कोरड्या चुन्यात पुरली आणि सकाळपर्यंत हात लावला नाही. सकाळी हातोडी टेकवली तर खणखणीत वाजली.

अण्णांनी पैसे मोजले आणि आठवड्याभरात भाऊबंदांची तुटकी बिडं पाठवायला सुरुवात केली. दाते उडालेले गिअर, मोडलेले ब्रॅकेट. एक माग उभा राहिला की त्या दिवसाचं कापड बुडतं, आणि जुन्या मागाचा सुटा भाग लगेच मिळेलच असं नाही, त्यामुळं हे लोक जोडणाऱ्याला घासाघीस करत नाहीत. लोखंडवाल्याचे पैसे त्या बिडांवर फिटले. मशीन विकलं नाही. अण्णांचे माग आता थोडेच उरलेत, मुलगा बंगळूरला आहे. तरी काही मोडलं की ते स्वतः येतात, आणि चहात साखर कमी म्हणून आमच्या हॉटेलवाल्याशी भांडतात.

त्यानंतरची वर्षं बरी गेली. जीएसटी आला, अकाउंटंट ठेवला, स्वतःचा गाळा झाला, सीओटू गॅसवरचं वेल्डिंग मशीन आलं, स्टीलच्या रेलिंगसाठी आर्गन गॅसचं आलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता नव्या पोरांसाठी, कुणी विचारलेलं नाही तरी. फीचे लाख-दीड लाख कुणी मागत असेल तर आधी भंगार बाजारात जा. दोनशे अँपिअरचं साधं इन्व्हर्टर मशीन हल्ली घरच्या लाइटवर चालतं आणि खांद्याला अडकवून नेता येतं. भंगारातल्या पट्ट्या किलोवर घ्या आणि सपाट पट्टा सरळ येईपर्यंत व्हर्टिकलच्या नादाला लागू नका. जोड झाला की व्हाइसमध्ये धरून वाकवा, मोडला की आत बघा, तिथं सगळं लिहिलेलं असतं. साध्या गॉगलवर टॅक, म्हणजे छोटा टाका, मारायची मस्ती करू नका, त्या रात्री डोळे उघडत नाहीत. दहा-अकरा नंबरची काच वापरा. टेरिकॉट घालू नका, ठिणगी पडली की कातडीला चिकटतं. सोलापुरात सुती कापडाला तोटा आहे का? गॅल्व्हनाइज्ड पाइप असेल तर जोडाजवळचं जस्त घासून काढा आणि वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूला उभे राहा. त्या धुरानं संध्याकाळी हुडहुडी भरते, आणि दूध पिऊन काही होत नाही, कुणी कितीही सांगो. मशीनसाठी पैसे नसतील तर मुद्रा योजनेत शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत तारण न देता कर्ज मिळतं. बँकवाला टोलवेल, पुन्हा जा.

आणि कागदाला मी नावं ठेवत नाही, हेही लिहून ठेवतो. साखर कारखान्याच्या बॉयलरच्या नळीला हात लावायचा तर १९५० च्या बॉयलर नियमावलीप्रमाणे परीक्षा दिलेलाच वेल्डर लागतो आणि लागायलाच हवा. पाइप पंचेचाळीस अंशात बांधलेला, तो न फिरवता आपण फिरायचं, मग एक्स-रे. माझ्याकडचा एक पोरगा माझ्याच भंगारावर शिकून त्यात पास झाला. ऑफ सीझनला कारखान्यांवर जातो, माझ्यापेक्षा जास्त कमावतो. त्याच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स त्यानं मला दिलीय, ती ड्रॉवरमध्ये आहे. भिंतीवर लावणार नाही. शेजारच्या गृहस्थांना वाटेल मी त्यांची नक्कल केली.

सध्या हेल्परची एक जागा रिकामी आहे. शिक्षण विचारत नाही. सकाळी आठला या, चामडी बूट घालून. चप्पल घालून आलेल्याला मी दारातनंच परत पाठवतो.